वन्सं, तुमची जुनी पाती

वन्सं, तुमच्या चारही डब्या मी टेबलावर रिकाम्या केल्यात, आणि कुठलं पातं कशाचं ते मला कळत नाहीये.

कॅमेऱ्याचे रोल यायचे त्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या. एकीत कोरी पाती, एकीत एका टोकानं वापरून झालेली, एकीत तुम्ही पुन्हा धार लावलेली, आणि एकीत फक्त चिकटपट्टी नि फ्रेमच्या पाठीचा खाकी कागद कापायची. एवढं मला ठाऊक आहे. पण कोरी सोडली तर बाकीचे तीन ढीग मला सारखेच दिसतायत. डब्यांवर नावं लिहा म्हणून मी तुमच्या किती मागे लागले होते. "मला कळतंय न्हवं? मग झालं," हे तुमचं ठरलेलं उत्तर. तुमच्यामागे कुणाला कळणार, हा विचार तुम्ही एकदाही केला नाहीत. मीही केला नाही म्हणा. घरातली सगळ्यात खमकी बाईच आधी जाईल असं कुणाच्या मनात येतं.

समाचाराला येणारे सगळे एकच बोलतात. "किती शांत होत्या मंदाताई." मी मान हलवते, पाणी देते. शांत होतात, खरंय. मी एकवीस वर्षं तुमच्याशी भांडले, आणि शांत माणसाशी भांडण्यासारखा दुसरा ताप नाही. मी दहा वाक्यं बोलायची, तुम्ही एक. आणि ते एक बोलून झालं की पुन्हा तेच जुनं पातं कटरला लावायच्या.

आणि तुमचा फोटो. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे. मला त्रास नको म्हणून ह्यांनी, तुमच्या भावानं, तो स्टेशनजवळच्या कुठल्याशा दुकानातून तासाभरात फ्रेम करून आणला. घरात फ्रेमचं दुकान असताना. सोनेरी प्लॅस्टिकची पट्टी, भोवती जाड कागदाचा माउंट नाही, फोटो थेट काचेला टेकलेला. फोटो आणि काच यांच्यात हवा राहिली पाहिजे, नाहीतर दमटपणानं चिकटतो, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलात. तेरा दिवस मी त्या फ्रेमसमोर दिवा लावला. नजर तुमच्या चेहऱ्यावर जायच्या आधी वरच्या उजव्या कोपऱ्यावर जायची, जिथं पट्टीचे दोन तुकडे जुळलेले नाहीत. रडू यायच्या जागी संताप यायचा. ह्यांना काही बोलले नाही. तुमच्यामागे ते आधीच निम्मे झालेत.

लग्न होऊन कामोठ्याला आले तेव्हा फ्रेम म्हणजे देवाची तसबीर, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात बारा वर्षं हॉटेलांच्या भिंतींवरची चित्रं फ्रेम केली होतीत. तो बंद पडला तेव्हा तिथला जुना माउंट कटर उचलून आणलात आणि सोसायटीच्या खालच्या गाळ्यात बसलात. लग्नाला महिना झाला नव्हता, तुम्ही मला म्हणालात, "सैपाक काय, आपण दोघी मिळून उरकू. खाली येऊन बस. हातात काम असलं म्हंजी बाई कुनाला भ्यात नाही." त्या वाक्याचे उपकार माझ्यावर आहेत. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आता पात्यांचं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला माउंट दाखवलात. फोटोच्या चारी बाजूंनी असतो तो जाड कागदी बोर्ड. त्याला मधोमध खिडकी कापायची, तीही उलट्या बाजूनं आणि तिरपी, म्हणजे सुलट केल्यावर आतल्या कडेला पांढरी रेघ दिसते. "ही रेघ सलग पायजे. लोकांना कळत नाही त्यांना काय आवडलं. त्यांना ही रेघ आवडलेली असती." मग वापरलेलं पातं भिंगाखाली धरलंत. "बघ. पातं मरत नाही गं. टोक मरतं. तेबी एवढंसं." म्हणून आधी पातं उलटं फिरवायचं, दुसरं टोक वापरायचं. दोन्ही टोकं गेली की काचेच्या तुकड्यावर चिकटवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर तीन हात इकडून, तीन हात तिकडून, आणि शेवटी ह्यांच्या जुन्या कमरपट्ट्याच्या कातड्यावर. घासायच्या आधी पात्याला लागलेला चिकटपट्टीचा गोंद पुसून घ्यायचा. पातं बोर्डाच्या पार होईल एवढंच खाली ठेवायचं, जास्त नाही, जास्त खाली गेलं की वाकतं आणि टोक लवकर जातं. नवं पातं बोर्डातून जाताना सुस्स आवाज करतं, मेलेलं खरखरतं, हेही तुमचंच.

हे सगळं मला पटलं होतं. सुरुवातीला. मग कामं वाढली, लोक मोबाइलवर फोटो मोठा करून कोपरे बघायला लागले, आणि मला वाटायला लागलं की ही कसली जिद्द. कोरं पातं घ्या, चार माउंट कापा, टाकून द्या. तुम्ही जेवायला वर गेलात की मी गुपचूप कोरं पातं लावायची. तुम्ही खाली येऊन एक काप घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कुनी बदललं?" मी म्हणायची, "कुणी नाही." तुम्ही काढून बघायच्या, आणि मी टोपलीत टाकलेलं पातं शोधून परत डबीत. टोपलीत हात घालू नका म्हणून ओरडायची मी. तेव्हा एकदा तुम्ही पावण्याच्या कारखान्यातल्या झाडूवालीचं सांगितलंत. मालक मूठमूठ पाती कचऱ्यात टाकायचा, तिनं कचरा दाबून भरला आणि तळहात फाटला. तुमच्या पदरानं तुम्ही तो बांधला होता. "तवापास्नं माझ्या हातानं पातं टाकवत नाही." मग मी म्हणाले, पत्र्याच्या डब्यात बंद करून टाकू. तुम्ही म्हणालात, "टाकायचं तर चांगलं वापरून तरी टाकू." टोपलीतलं पातं मीच पुसून डबीत ठेवलं.

पण त्या दिवशी मात्र मी बोलले. ते तुमच्या कानांत राहिलं असेल का, हाच विचार डोक्यातून जात नाही.

पाटीलकाका आले होते. खाडीकडच्या गावातले, आता इथंच पलीकडच्या सेक्टरमध्ये राहतात. त्यांच्या वडिलांचा फोटो तुम्ही नऊ-दहा वर्षांपूर्वी फ्रेम केला होता, गर्द हिरव्या माउंटमध्ये. या वेळी ते आईचा घेऊन आले. कुणाच्यातरी लग्नातल्या फोटोतून मोठा करून काढलेला, नाकात नथ, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. "दोघांचा जोरा लावायचा हाय, बाजूबाजूला," ते म्हणाले. "बाबांचा जसा हाय तसाच पायजे. तोच रंग. मी थांबतो हितंच." तो हिरवा बोर्ड यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. आपल्याकडे मागच्या मांडणीत एकच तुकडा उरला होता, एकच माउंट निघेल एवढा.

मी म्हणाले, "वन्सं, कोरं पातं लावा. दुसरा तुकडा नाही."

तुम्ही म्हणालात, "हे काल लावलंय धार देऊन. कोऱ्याला मागं सारील."

तीन बाजू सरळ गेल्या. चौथ्या बाजूला, अगदी कोपऱ्याजवळ, मला ती खरखर ऐकू आली. तुम्ही माउंट सुलट केलात. कोपऱ्यात वरचा हिरवा कागद नखाएवढा फाटून पिसासारखा उभा राहिला होता.

"खिडकी एक सूत वाढवली की निघून जाईल," तुम्ही म्हणालात.

"आणि वडिलांच्या फ्रेमशी जुळणार कशी?" माझा आवाज चढला. "शेजारी शेजारी लागणारेत त्या. एक सूत म्हणजे डोळ्याला दिसतं." आणि मग मी पाटीलकाकांकडे वळले. तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे. "काका, आमच्या वन्संना पातं टाकवत नाही. माणसाचं काम नासलं तरी चालेल, पण पातं टाकायचं नाही."

काकांनी मान खाली घातली. तुम्ही कटरचा दांडा उचललात, बोर्डाखाली घालतो ती पुठ्ठ्याची पट्टी बाहेर काढलीत, उजेडाकडे धरून बघितलीत, आणि परत होती तिथं ठेवलीत. मला वाटलं, माझ्याकडे बघायला नको म्हणून काहीतरी चाळा करताय.

"ऱ्हाऊ द्या ताय," पाटीलकाका म्हणाले. फोटो पिशवीत घातला आणि गेले.

त्यानंतर अकरा दिवस आपण कामापुरतं बोललो. काच पूस. खिळे दे. गिऱ्हाईक आलंय. घरीही तेच. ह्यांनी एकदा विचारलं, "तुमचं दोघींचं काय बिनसलंय?" तुम्ही म्हणालात, "काय नाही." मीही म्हणाले, काही नाही. या एका गोष्टीवर आपलं एकमत झालं.

बाराव्या दिवशी दुपारी तुम्ही एका फ्रेमच्या पाठीला खाकी कागद लावत होतात. "शैला, डोळ्याम्होरं कायतरी," एवढंच म्हणालात आणि स्टुलावरून कलंडलात. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बीपीची गोळी रोज घेतात का. मी हो म्हणाले. घरी येऊन तुमच्या उशाशी बघितलं तर कधीच संपायला हवी होती ती पाकिटं निम्मी भरलेली. रोजची गोळी तुम्ही डोकं दुखेल तेव्हा घेत होतात. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. दिवाळीच्या सुमारास एकदा बघितलं होतं, बोललेही होते. "ज्या दिवशी बरं वाटतंय त्या दिवशी कशाला खायाची?" म्हणालात, आणि मी तो विषय सोडून दिला. पात्यांवरून मी तुमच्याशी एकवीस वर्षं भांडले. गोळ्यांवरून एकदा. हे गणित मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतेय.

दोन दिवस तुम्ही डोळे उघडले नाहीत. मी बाकावर बसून वाक्य जुळवत होते. वन्सं, माझं चुकलं, एवढंच तर म्हणायचं होतं. आत सोडायचे तेव्हा तिथं नर्स असायची, ह्यांची मावसबहीण असायची. सगळ्यांसमोर तुम्हाला बोलायला मला लाज वाटली नव्हती. सगळ्यांसमोर माफी मागायला वाटली.

तेराव्यानंतर गाळा उघडला. कामं अडली होती. कटरजवळ गेले तर खालच्या फळीवर पुठ्ठ्याच्या नव्या पट्ट्यांचा गठ्ठा. वीसेक असतील, एकसारख्या, कडा साफ. मी कापल्या नव्हत्या. म्हणजे त्या अकरा दिवसांत तुम्हीच कधीतरी कापून ठेवल्यात. वन्सं, ते काम माझं. रोज सकाळी बोर्डाखालची पट्टी बदलायची हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे दिलं होतंत. एकाच पट्टीवर पुन्हापुन्हा कापलं की तिच्यात चर पडतो. मग पात्याखाली बोर्डाला आधार राहत नाही आणि वरचा कागद कापला न जाता फाटतो.

पाटीलकाका आले त्या दिवशीची जुनी पट्टी अजून कोपऱ्यात होती. उजेडाकडे धरली. मधोमध खोल चर, आणि एका टोकाला तो दोन फाट्यांनी फुटलेला. त्या सकाळी मी उशिरा आले होते आणि पट्टी बदलली नव्हती. आदल्या दिवशीही नाही. बहुतेक त्याच्या आदल्या दिवशीही नाही.

कटरला पातं तेच होतं. आपल्यात ते बदलायचंही बोलणं झालं नव्हतं. नवी पट्टी घातली, हिरव्याच बोर्डाची उरलेली कातरण घेतली आणि एक काप दिला. सुस्स. कड अशी आली की बोट फिरवलं तर कुठं अडलं नाही. आणखी एक. आणखी एक. मी सहा काप घेतले, एकतरी फाटू दे म्हणून. एकही फाटला नाही.

जुनी पट्टी पुन्हा हातात घेतली. तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं. पट्टी उजेडाकडे धरलीत तेव्हाच. काकांसमोर एका शब्दानं सांगता आलं असतं, शैला, पट्टी तुझी आहे. नाही सांगितलंत. नंतरच्या अकरा दिवसांतही नाही. नुसत्या पट्ट्या कापून ठेवल्यात. हा मोठेपणा होता की शिक्षा, ते मला अजून ठरवता येत नाही. मोठेपणा असेल तर मला तो नको होता. तुम्ही उलट बोलला असतात तर मी तिथल्या तिथं भांडले असते, हरले असते, रात्री जेवताना आपण बोललो असतो. तुम्ही मला हरूही दिलं नाहीत.

परवा पाटीलकाका आले. हातात मोठी पिशवी, त्यात वडिलांची फ्रेम आणि आईचा फोटो. तुमचं स्टूल रिकामं बघून म्हणाले, "ताय कुठं हायेत?"

मी सांगितलं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मुलीकडे उरणला गेले होते, त्यांना काही कळलं नव्हतं. मग बसले.

मी म्हणाले, "काका, त्या दिवशी मी तुमच्यासमोर बोलले ते चुकीचं होतं. पातं चांगलं होतं. खालची पट्टी बदलायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं. वन्संचा काही दोष नव्हता." मी हे पाठ करून ठेवलं होतं. ते ऐकणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

"म्हाईत हाय मना," काका म्हणाले. "तायनी फोन केलता दुसरे दिवशी."

"काय म्हणाल्या?"

"बोलल्या, खालचा पुठ्ठा खराब होता, आमचे ध्यानात नाय आला. बाबांची फ्रेम पन घेऊन या. दोनी खिडक्या एकेक सूत वाढवून देऊ, मंग जोरा जुळंल."

वडिलांची फ्रेम उघडून तीही वाढवायची. इतकं सोपं. मला ते सुचलं नव्हतं, कारण मी ओरडण्यात गुंतले होते. आणि काकांना तुम्ही "आमचे ध्यानात" म्हणालात. शैलाचे नाही. आमचे.

मी त्यांच्यासमोरच फ्रेम उघडली. पाठीचा खाकी कागद, बारीक खिळे, सगळं तुमच्या हातचं. माउंट बाहेर काढला. नऊ-दहा वर्षांनंतरही चारही कोपरे असे की कुठं सुरुवात केलीत आणि कुठं थांबलात ते दिसत नव्हतं. त्याला पातं लावायचं माझ्या जिवावर आलं. काकांना म्हणाले, "हे वन्संनी कापलेलं आहे. मला भीती वाटतेय."

"भीऊ नका," ते म्हणाले. "मी पन बोललो व्हतो तायना, की तुमीच कापा, तुमची भावजय जाम तापट हाय. तर हसल्या फोनवर. बोलल्या, नाय काका, शैलाच कापंल. तिचा हात माझेपेक्षा सरळ हाय. पयल्यापासून."

मी मांडणीतून तो फाटलेला हिरवा माउंट काढला, नवी पट्टी घातली. तुमच्याच धार लावलेल्या पात्यानं दोन्ही खिडक्या वाढवल्या, आधी आईची, मग वडिलांची. फाटका कोपरा त्या एका सुतात निघून गेला. दोन्ही फ्रेम भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा काका आई-वडिलांकडे बघत राहिले, आणि मी पांढऱ्या रेघा बघत राहिले. जुळल्या होत्या. काका निघताना एवढंच म्हणाले, "बरोबर बोलल्या तुमच्या ताय."

पयल्यापासून. म्हणजे एकवीस वर्षं. इतकी वर्षं मी प्रत्येक माउंट कापून तुमच्यासमोर धरत आले आणि तुम्ही "ठीक हाय" म्हणून पुढचं काम दिलंत. पाटीलकाकांना तुम्ही एका फोनवर सांगून मोकळ्या झालात. मला सांगायला पाहिजे होतंत, वन्सं. मी तुमच्या शेजारच्याच स्टुलावर बसलेली होते.